नायलॉनमध्ये रबर मिसळूनही माल ठिसूळच निघतो?

नायलॉन-६ मध्ये नुसतं ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) ढकललं की ते एकजीव होत नाही. तुकडा वाकवला की पापुद्रे सुटतात. अशा वेळी रबर वाढवत बसू नका, त्यातलं थोडं बदला.

१. एकूण रबर १५ ते २० टक्केच ठेवा. त्यातला निम्मा भाग मॅलेइक अनहायड्राइड ग्राफ्टेड ईपीडीएमचा घ्या, म्हणजे ज्याच्या साखळीला मॅलेइक अनहायड्राइड हे रसायन जोडलेलं असतं ते रबर. हे रसायन नायलॉनला धरतं, म्हणून तोच जोड धरतो.
२. नायलॉन ८० अंशांवर ४ ते ६ तास नीट वाळवा. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.
३. मिश्रण ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडरमधूनच (दोन स्क्रूंनी माल वितळवून घुसळणारं यंत्र) काढा. मोल्डिंग मशीनच्या हॉपरमध्ये दाणे कालवून भागत नाही.
४. खाच पाडलेली पट्टी मोडून बघा. तुटलेली कड पांढरी पडून ओढल्यासारखी दिसली तर जमलं. गुळगुळीत, चकचकीत असेल तर नाही.

ग्राफ्टेड रबर महाग, म्हणून निम्म्याच्या वर न गेलेलं बरं. जास्त झालं तर वितळलेला माल घट्ट होतो, एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचं माप) पडतो आणि पातळ भिंतीचे साचे अर्धवट भरतात.

पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि ईपीडीएमच्या मिश्रणात मात्र हा खर्च करू नका. तिथे मॅलेइकला धरायला काही नसतं.