गायरानासाठी गवताचं बी गोळा करायला निघण्याआधी

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही सहा जण चार दिवस उन्हात राबलो. मारवेल आणि पवन्या या गवतांची चार पोती भरली आणि जूनमध्ये गावच्या गायरानातल्या उजाड तुकड्यावर फेकली. ऑगस्टपर्यंत तिथे टाकळा गुडघाभर झाला, मारवेलची एक काडी दिसेना. पोत्यांत बी नव्हतंच, सगळी रिकामी फोलपटं. म्हणून यंदाची यादी सगळ्यात आधी हे सांगते आणि मधेमधेही सांगणार आहे: तुरा ओरबाडण्याआधी तळहातावर चोळून दाणा बघा.

पाणी, टोपी, डबा हे लिहीत बसत नाही.

परवानगी आधी घ्या. गायरान सरकारी आणि देखभाल ग्रामपंचायतीकडे, तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी कळवा. माळाचा पलीकडचा भाग वनखात्याचा असेल तर त्यांची परवानगी वेगळी. काही गावांत गायरानाच्या गवताचा लिलाव होतो. घेणाऱ्याला गवत चाऱ्यासाठी हवं असतं, त्यामुळे बी धरायच्या आधीच तो विळा घालतो. कापणी कधी आणि कुठून सुरू होणार, हे त्यालाच विचारा. आपल्यासाठी एक कोपरा राखून ठेवतो का, तेही विचारा. बहुतेक जण ठेवतात.

जागा सप्टेंबरमध्येच हेरून ठेवा. तुरे यायला लागले की गवतं ओळखणं सोपं जातं, नुसत्या पात्यावरून भलेभले चुकतात. गाजर गवत असलेल्या जागेकडे फिरकूही नका. त्याचं बी इतकं बारीक की सुपात पाखडून वेगळं होत नाही. पन्नाशीच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसल्यापासून ते पसरतच आलंय, आपण आणखी पोत्यात भरून त्याला गावोगाव पोहोचवायची गरज नाही.

आता मुख्य काम. मारवेल, पवन्या, कुसळी या गवतांच्या तुऱ्यावर फोलपटं जोडीजोडीने बसतात. जोडीतलं एक थेट दांडीला चिकटलेलं आणि बहुधा कुसळवालं, दुसरं बारीक देठावर. दाणा धरला तर पहिल्यात, देठावरचं साधारणपणे रिकामंच. म्हणजे पीक उत्तम असलं तरी पोत्यातला निम्मा माल रिकामाच असतो, आणि उरलेल्या निम्म्यातही पाऊस लवकर उघडला तर दाणा भरत नाही. बाहेरून काही कळत नाही! पोचट तुराही तसाच पिवळा पडतो, तसाच हलका लागतो, हाताला तसाच सुटतो. आम्ही त्या सुटण्यालाच पिकणं समजलो. तिसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन एक मामा आले, पोत्यात हात घालून मूठभर काढलं, चोळलं, फुंकर मारली. हात रिकामा. "अवं, ह्यात काय बी न्हाई. भुस्कट भरताय व्हय?" आम्ही हसलो आणि चौथ्या दिवशीही भरत राहिलो.

मामांनी केलं तेच करा. दहा-बारा फोलपटं तळहातावर घ्या, अंगठ्याने दाबून चोळा, हलकी फुंकर मारा. जिऱ्याहून लहान, तपकिरी, नखाला टणक लागणारा दाणा मागे राहिला पाहिजे. नखाखाली चिरडून दुधासारखं काही आलं तर आठवड्याने या. नुसतीच पापडी चुरगळली तर ती जागा सोडा. एकाच ठोंबावर हे करून भागत नाही. माळाच्या पाच ठिकाणी वीस-वीस कुसळवाली फोलपटं फोडून बघा. माझा हिशेब असा की विसात दहा भरलेली निघाली तर पोतं उघडायचं, नाही तर घरी जायचं. आणि दुपारी जागा बदलली की पुन्हा चोळायचं. सकाळी बघितलं होतं, हे कारण चालणार नाही. ओघळीजवळचं गवत भरलेलं असतं आणि वर मुरमाडावरचं तेच गवत पोचट.

तुरा शेंड्याकडून पिकत आणि झडत खाली येतो. टोक थोडं बोडकं दिसलं की उरलेलं काढायची वेळ झाली. सगळं टोक भरलेलं दिसतंय म्हणून खूश होऊ नका, ते अजून कच्चं असू शकतं. चोळा.

सुती मोजे घालू नका. कुसळीचं टोक सुईसारखं असतं, मोज्यात शिरलं की संध्याकाळी चिमट्याने उपसत बसावं लागतं. पायात बूट, वर गुळगुळीत कापडाची पॅन्ट. कुत्रं बरोबर नेऊ नका.

पिकलेल्यातलंही पाचव्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका. बाकीचं माळाचं, मुंग्यांचं, पाखरांचं. निदान पन्नासेक वेगवेगळ्या ठोंबांवरून थोडं थोडं घ्या. एकाच दाट ठिकाणी बसून पोतं भरणं सोपं असतं, पण सगळं बी एकाच आईचं निघतं. पोतं गोणपाटाचं किंवा कापडी. प्लॅस्टिकच्या पिशवीत एका रात्रीत वाफ धरते. प्रत्येक पोत्यात गवताचं नाव, जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी टाका. पेन्सिलीने लिहा, पेनची शाई ओलीने पसरते.

घरी आल्यावर सावलीत पसरा, आठवडाभर रोज हलवा. कुसळी वेगळी ठेवा, ओल लागली की तिच्या कुसळांचा पीळ सुटायला लागतो आणि सगळ्याचा गुंता होतो. उंदरांपासून जपा. ताजं बी झोपलेलं असतं, त्यामुळे डिसेंबरमध्ये ओल्या फडक्यात घालून उगवलं नाही म्हणून घाबरू नका, मे महिन्यात तपासा. आणि पोतं बांधण्याआधी, हो, पुन्हा एकदा मूठभर काढून चोळा.

जूनमध्ये शेणमातीत कालवून वरच्यावर फेका, खोल पुरू नका. खड्डे नकोत, नांगर नको. आणि दोन पावसाळे त्या तुकड्यात मेंढरं येऊ नयेत यासाठी मामांशी आत्ताच बोलून ठेवा, दिवाळीनंतर त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, खाली कोकणाकडे निघतो, मग गाठ पडायची नाही.