स्लो न धरणारी गाडी : एका शिकाऊ ट्यूनरचा अनुभव

भारतात २००३ पर्यंत विकल्या गेलेल्या पहिल्या पिढीतील होंडा सिटीचे दीड लिटरचे, १०६ अश्वशक्तीचे व्हीटेक (झडपांची उघडझाप वेगानुसार बदलणारे) इंजिन आजही हौशी मंडळींचे लाडके आहे. पुण्यातील एका गॅरेजमध्ये मी शिकाऊ असताना अशीच एक सिटी माझ्याकडे आली. तिला हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या), फ्री-फ्लो एक्झॉस्ट, उघडा एअर फिल्टर आणि दुसऱ्या गाडीची मोठी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) बसवलेली होती. सिग्नलला थांबले की रेस, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, १००० वरून १८०० वर जायची, धप्पकन खाली यायची आणि पुन्हा चढायची. आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसते चालू राहण्याच्या वेगाला, आमच्याकडे ‘स्लो’ म्हणतात. मालकाची तक्रार एवढीच होती की गाडी स्लो धरत नाही.

मी पहिल्याच दिवशी चूक केली. थ्रॉटलची झडप जिथे टेकते तिथला, रंगाचा ठिपका लावलेला स्टॉप स्क्रू फिरवून मी तासाभरात रेस स्थिर केली आणि गाडी देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन २२०० वर अडकले आणि मालक दारात उभा राहिला. तो स्क्रू स्लो बसवण्यासाठी नसतोच. स्लोचा स्क्रू वेगळा, थ्रॉटल बॉडीतील हवेच्या बायपास मार्गावर असतो. शिवाय झडप किंचित उघडी राहिली, तर थ्रॉटल पोझिशन सेन्सरचे व्होल्टेजही सरकते आणि चालकाने पाय काढला आहे की नाही, याबद्दल ईसीयूचीच (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचीच) फसगत होऊ शकते.

उस्तादांनी स्क्रू खुणेवर परत आणायला लावला आणि विचारले, “ही गाडी हवा मोजते की दाब?” नवख्याने मॉडिफाइड गाडीपुढे आधी हाच प्रश्न विचारावा. मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत सेन्सर आणि इंजिन यांच्यामधून चोरून शिरलेली हवा मोजलीच जात नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होते आणि गाडी मिसिंग मारते किंवा बंद पडते. या सिटीसारख्या मॅप सेन्सरच्या (दाब मोजणाऱ्या) गाडीत मात्र तीच हवा मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधील, दाब वाढवते, ईसीयू त्या दाबाप्रमाणे पेट्रोलही वाढवते आणि रेस चढते. थ्रॉटल बंद असताना रेस ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की ईसीयू पेट्रोल तोडते. रेस पडली की पुन्हा सुरू करते. मालक ज्याला बिघडलेला ईसीयू समजत होता, तो ईसीयू आपले काम चोख करत होता.

त्यानंतर मोजमाप सुरू झाले. इंजिन बंद आणि चावी चालू असताना मॅप सेन्सरने बाहेरचा हवेचा दाब दाखवायला हवा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने तो इथे मुंबईच्या जवळपास १०१ किलोपास्कलऐवजी ९५ च्या आसपास येतो. त्याच कारणाने इंजिनाची ओढ दाखवणाऱ्या व्हॅक्यूम गेजचा काटाही इथे पाऱ्याच्या दीड-दोन इंचांनी कमी दिसतो, हे लक्षात न घेता मी आधी पिस्टन रिंगांवर संशय घेतला होता. कूलंटची पातळीही याच टप्प्यावर पाहावी, कारण ते कमी असले किंवा त्यात हवा अडकली, तर या इंजिनातील थंडपणी जादा हवा देणारा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि लक्षण हुबेहूब असेच दिसते.

हवेची गळती शोधायला काही जण कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचे ज्वलनशील द्रव) फवारतात. तापलेल्या हेडरशेजारी तो पेट घेऊ शकतो, म्हणून मी ते टाळतो. आम्ही इनटेकमध्ये धूर सोडला. मिनिटभर काहीच दिसले नाही. मग थ्रॉटल बॉडीच्या खालच्या, फायरवॉलकडील (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडील) कोपऱ्यातून दोऱ्याएवढी बारीक रेघ वर आली. खोलून पाहिले तर पॅकिंग हाताने कापलेले होते, आणि मोठ्या थ्रॉटल बॉडीचे तोंड मॅनिफोल्डच्या तोंडापेक्षा रुंद असल्याने त्या कोपऱ्यात त्याला टेकायला दोन मिलिमीटरही जागा उरली नव्हती.

योग्य मापाचा अडॅप्टर आणि नवे पॅकिंग बसवून, पंखा फिरेपर्यंत इंजिन तापवून, आयडल व्हॉल्व्हचे (ईसीयूच्या हुकमाने स्लोची हवा कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हचे) कनेक्टर काढून मॅन्युअलप्रमाणे मूळ स्लो लावला. कनेक्टर जोडल्यावर रेस ७५० च्या आसपास थांबली. तरीही ओटू सेन्सर (एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा) अधूनमधून मिश्रण पातळ दाखवत होता. त्याचे कारण हेडरच्या जोडातून आत ओढली जाणारी बाहेरची हवा होती आणि तिथलेही पॅकिंग बदलावे लागले. एसी, हेडलाइट आणि पंखा एकदम लावून पाहिले, गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी थंड असताना मालकालाच चावी मारायला दिली.