कृत्रिम चामड्याचे डेस्क मॅट, कव्हर आणि हेडफोनच्या गाद्या : या चुका टाळा

रेक्झिनचे डेस्क मॅट, लॅपटॉपचे कव्हर, कीबोर्डसमोर मनगट टेकवण्याची उशी किंवा हेडफोनच्या गाद्या लवकर खराब झाल्या की दोष बहुधा हलक्या मालाला दिला जातो. माल हलका असूही शकतो. पण अनेकदा ही वस्तू खऱ्या चामड्याची आहे असे धरून तिची निगा राखली जाते आणि घोटाळा तिथेच होतो. कृत्रिम चामडे म्हणजे कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा पातळ थर. हा थर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा, म्हणजेच पीयूचा, नाहीतर पीव्हीसीचा असतो आणि दोन्हींची खराब होण्याची तऱ्हा वेगळी आहे.

पीयूला बाधतो तो ओलावा. स्वस्त वस्तूंमध्ये सर्रास आढळणाऱ्या पॉलिएस्टर प्रकारच्या पीयूमधील रासायनिक बंध हवेतील बाष्पामुळे हळूहळू तुटतात, त्या क्रियेत आम्ल तयार होते आणि ते आम्लच पुढची मोडतोड आणखी वेगाने घडवून आणते. त्यात उष्णतेची भर पडली की वस्तूचे आयुष्य झपाट्याने घटते. पृष्ठभाग आधी किंचित चिकट लागू लागतो, मग घडीच्या जागी बारीक भेगा उमटतात आणि शेवटी पोपडे निघतात. उशीवर तळहाताचा खालचा भाग जिथे रोज टेकतो, तिथला सुटलेला पोपडा नखाने हलकेच उचलून पाहिल्यास खाली कापडाची वीण स्पष्ट दिसते. ही झीज केवळ घासल्याने झालेली नसते. घाम, त्वचेचे तेल आणि हाताची ऊब यांचा मारा तिथे एकत्र होत असतो.

वस्तू न वापरता ठेवली तरी ही क्रिया थांबत नाही. म्हणूनच ‘चांगली राहावी’ म्हणून कव्हर प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून कपाटात टाकणे ही सर्वांत फसवी चूक आहे, कारण पिशवीत अडकलेला दमटपणा बाहेर पडत नाही आणि काही महिन्यांनी कव्हर उघडावे तर त्याच्या दोन बाजू एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्याऐवजी वस्तू पुसून पूर्ण कोरडी करावी, घडी न घालता कापडी पिशवीत ठेवावी आणि अधूनमधून हवेवर काढावी. सिलिका जेलची पुडी बंद डब्यात उपयोगी पडते, मात्र ती ओलाव्याने भरली की तिचा काही उपयोग उरत नाही.

पीव्हीसी पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. त्याला मऊ ठेवण्यासाठी मिसळलेली द्रव्ये निघून गेली की ते कडक होते आणि वाकवताच तडकते. स्पिरिट किंवा सॅनिटायझरने वारंवार पुसल्यास ही द्रव्ये लवकर निघून जातात. पीयूच्या वरच्या थरालाही अल्कोहोल मानवत नाही, त्यामुळे सॅनिटायझर लावलेले हात वाळण्याआधी उशीवर टेकवू नयेत. डीट (डासांना दूर ठेवणारे रसायन) असलेले डासांचे मलम तर कृत्रिम चामड्याचा पृष्ठभाग थेट मऊ करू शकते. ते हाताला लावून कामाला बसण्याची सवय मोडलेलीच बरी.

चामड्याचे तेल किंवा क्रीम चोळणे ही अशीच एक सद्हेतूने केलेली चूक. खऱ्या चामड्यात ते मुरते. प्लॅस्टिकच्या थरावर मात्र नुसते बसून राहते आणि धूळ धरते. सफाईसाठी कोमट पाण्यात सौम्य साबणाचे थेंबभर द्रावण पुरे. कापड त्यात बुडवून घट्ट पिळावे, पुसल्यावर साध्या ओलसर कापडाने साबण काढावा आणि लगेच कोरडे करावे.

मॅटवर पाणी किंवा चहा सांडला की आपण वरचा भाग पुसून मोकळे होतो, परंतु पाणी आत शिरते ते शिवणीच्या छिद्रांतून आणि कडांतून. मॅट उचलून खालची बाजू व टेबल दोन्ही पुसावीत आणि मॅट पंख्याखाली उभे करून वाळवावे. हेअर ड्रायर किंवा कडक ऊन वापरू नये. उशीतील फोम भिजला असेल तर वाळायला बराच वेळ लागतो. वरून कोरडी दिसली म्हणून ती लगेच वापरात घेतल्यास आत बुरशी धरते आणि तो कुबट वास सहसा जात नाही.

पोपडे निघू लागल्यावर बूटपॉलिश, गोंद किंवा रंग यांनी फार काळ निभावत नाही, विशेषतः जिथे वस्तू रोज वाकते तिथे. पृष्ठभाग चिकट झाला असेल तर तो पूर्ववत करण्याचा उपाय नाही. हेडफोनच्या गाद्या बहुधा सुट्या मिळतात, त्या बदलाव्यात. दमट खोलीत कापडी गाद्या अधिक टिकतात. मॅट आणि उशीच्या बाबतीत सैल पोपडे चिकटपट्टीने उचलून घ्यावेत आणि वर कापडी आवरण चढवावे, नाहीतर तो चुरा कीबोर्डच्या कळांखाली आणि लॅपटॉपच्या स्पीकरच्या जाळीत जाऊन बसतो.