पेट्रोल इंजिन आधी तापू द्या, मग सुई फिरवा

मोठ्या आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाचं पेट्रोल इंजिन थंड असताना जुळवलेली सुई, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, इंजिन तापलं की हमखास चुकीची ठरते. म्हणून सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं कमी थ्रॉटलवर चालू द्या, मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्या. विमान कुणीतरी मागून घट्ट धरलेलं हवं. पंख्याच्या रेषेत कुणीच उभं राहायचं नाही. कार्बोरेटर पंख्याला खेटून असेल तर प्रत्येक वेळी इंजिन बंद करूनच हात घाला. वेळ जातो, जाऊ द्या.

वॉलब्रो कंपनीच्या कार्बोरेटरला दोन सुया, एल (कमी वेगासाठी) आणि एच (जास्त वेगासाठी). सुई उघडली की पेट्रोल वाढतं. मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं नसेल तर दोन्ही साधारण दीड फेरा उघडून सुरुवात करा. आधी एल. आयडलवरून, म्हणजे सर्वात कमी वेगावरून, थ्रॉटल झटकन उघडा. बुडबुडत, धूर सोडत उठलं तर पेट्रोल जास्त. अडखळून बंदच पडलं तर कमी. एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, बस.

मग एच. पूर्ण थ्रॉटलवर, टॅकोमीटर (फेरे मोजणारं यंत्र) बघत, सर्वाधिक आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठा आणि तिथून २००-३०० आरपीएम उतरेपर्यंत सुई उघडा. तो किंचित जड आवाज नवख्याला खटकतो, पण तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, म्हणून पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. एच हलवली की एल पुन्हा तपासा. शेवटी विमानाचं नाक आभाळाकडे धरून फुल थ्रॉटल द्या. आवाज ढासळला तर एच अजून जरा उघडा.