अँडोरात जायला व्हिसा लागत नाही, तिथून परत यायला लागतो: या चुका टाळा

रात्रीचे साडेदहा वाजले होते. बार्सिलोनाहून मावसबहिणीचा फोन आला. "दादा, उद्या सकाळची अँडोराची बस आहे. इथे रिसेप्शनवरचा मुलगा विचारतोय, तुमचा व्हिसा मल्टिपल आहे ना? म्हणजे काय रे?"

"पासपोर्ट उघड आणि व्हिसाच्या स्टिकरचा फोटो पाठव," म्हटलं. फोटो आला. किती वेळा प्रवेश, या रकान्यात ठळक ०१ छापलं होतं. अँडोरातल्या हॉटेलचे तीन रात्रींचे पैसे आधीच भरलेले, ते परत मिळणार नव्हते. मी तिला एवढंच सांगितलं, "उद्याच्या बसमध्ये बसू नका." त्या दोघांनी ते तीन दिवस बार्सिलोनातच काढले. वाईट वाटलं, पण दुसरा सल्ला देणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे कागद मी बसून तपासले. चुका त्याच त्याच असतात, आणि बहुतेक सगळ्या मुंबईतच, अर्ज भरताना होतात.

गोंधळ कुठे होतो

अँडोरा हा फ्रान्स आणि स्पेनच्या मधोमध, पिरेनीज पर्वतात वसलेला ४६८ चौरस किलोमीटरचा देश. भारतीय पासपोर्टवर तिथे ९० दिवसांपर्यंत फिरायला जायचं तर अँडोराचा वेगळा व्हिसा लागत नाही. हे वाक्य इंटरनेटवर वाचून लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच फसतात.

कारण या देशात विमानतळ नाही, रेल्वेही नाही. जायचं ते रस्त्याने, फ्रान्समधून किंवा स्पेनमधून. हे दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, अँडोरा नाही. म्हणजे बार्सिलोनाला उतरलात की शेंगेनमधला तुमचा पहिला प्रवेश झाला. अँडोराची हद्द ओलांडली की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात. विमान पकडायला परत बार्सिलोनाला किंवा फ्रान्समधल्या तुलूझला आलात की दुसरा प्रवेश. स्टिकरवर ०१ असेल तर तो दुसरा प्रवेश तुमच्याकडे नाही. तुम्ही डोंगरात आणि दोन्ही बाजूंची दारं बंद.

युरोपातल्या इतर चिमुकल्या देशांचा अनुभव इथे धरून चालू नका. लिख्टेनस्टाईन २०११ पासून शेंगेनमध्येच आहे. मोनाको, सान मारिनो आणि व्हॅटिकन शेंगेनचे सदस्य नसले तरी त्यांच्या हद्दीवर पासपोर्टची तपासणी होत नाही, फ्रान्स-इटलीतून चालत आत जाता येतं. त्यामुळे "आम्ही व्हॅटिकनला एकाच एंट्रीवर जाऊन आलो" हे खरं असलं तरी अँडोराला लागू पडत नाही. तिथे खरीखुरी हद्द आहे, पोलीस आहेत, कस्टम आहे.

पहिली चूक: अर्जातून अँडोरा गाळणं

बहिणीच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. अर्ज भरून देणाऱ्याने सुचवलं, "अँडोरा लिहू नका, उगाच प्रश्न विचारतील." प्रवासाच्या आराखड्यात मग सगळ्या रात्री बार्सिलोनाच्या दाखवल्या आणि फॉर्मवर सिंगल एंट्रीवर खूण केली. कॉन्सुलेटने जे मागितलं ते दिलं. त्यांना दोष देता येत नाही.

शेंगेनच्या फॉर्ममध्ये किती प्रवेश हवेत हे विचारलेलं असतं: एक, दोन किंवा अनेक. तिथे निदान दोन मागा आणि का हवेत ते कव्हर लेटरमध्ये सरळ लिहा. "अमुक तारखेला बार्सिलोनाहून बसने अँडोरा ला वेल्या (अँडोराची राजधानी), तिथे तीन रात्री, अमुक तारखेला परत बार्सिलोना" असं तारीखवार. सोबत अँडोरातल्या हॉटेलचं बुकिंग जोडा. त्या बुकिंगमुळेच दुसऱ्या प्रवेशाच्या मागणीला आधार मिळतो.

दोन पुरतील की अनेक मागावेत, हे बोटांवर मोजून ठरवा. तुलूझहून आत शिरून बार्सिलोनाकडून बाहेर पडलात तरी प्रवेश दोनच. पण त्याच सहलीत मध्येच लंडनला भाच्याकडे जाऊन यायचं असेल तर तीन होतात. स्वित्झर्लंडला गेलात तर मोजणी वाढत नाही, तो देश शेंगेनमध्ये आहे. शंका असेल तर अनेक प्रवेशांचाच मागा. आधीचे व्हिसा नीट वापरलेल्यांना तो मिळायची शक्यताही आता बरी आहे: एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी असा नियम आहे की आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा.

अर्ज कुणाकडे करायचा

ज्या शेंगेन देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे. रात्री समान असतील तर जिथे आधी शिरणार त्याच्याकडे. अँडोरातल्या रात्री या हिशेबात येत नाहीत. समजा, बार्सिलोनाला तीन, अँडोरात पाच आणि तुलूझला दोन रात्री, तर अर्ज स्पेनकडे. फक्त अँडोराच बघायचं असेल तरी ज्या देशातून जाणार-येणार त्याचा व्हिसा लागतोच. अँडोराच्या व्हिसासाठी दिल्ली-मुंबईत शोधाशोध करू नका, तशी काही गोष्ट नाही.

फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही. अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांवर अवलंबून राहू नका. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं तर अपॉइंटमेंटची चौकशी जानेवारीतच करायला घ्या.

नावं आणि कागद

हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर. आपलं नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव. पासपोर्टवर पहिले दोन भाग एकत्र असतात, विमानाच्या तिकिटावर कधी मधलं गळतं, बँकेत फक्त आद्याक्षर असतं. मधल्या आद्याक्षराने सहसा अडत नाही. अडतं ते आडनावाने. लग्नानंतर पासपोर्ट बदलला पण बँक खातं माहेरच्या नावाने, किंवा उलट. असं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा आणि कव्हर लेटरमध्ये एक ओळ लिहा की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. तिकीट आणि विमा मात्र पासपोर्टवर आहे त्याच नावाने काढा, अक्षरन् अक्षर.

मुलांचे जन्मदाखले किंवा शेतीचे सातबारे फक्त मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र हवं.

बँकेच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो: अर्जाच्या आठवडाभर आधी कुणाकडून तरी दोन-तीन लाख खात्यात आणून ठेवू नका. स्टेटमेंटमध्ये ती रक्कम एकटी उठून दिसते. खरोखरच एफडी मोडली असेल तर तिची पावती जोडा, म्हणजे प्रश्न उरत नाही.

पासपोर्ट शेंगेनमधून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

मुंबईची मध्यरात्र

युरोपकडे जाणारी बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. आपण म्हणतो "अकरा तारखेला निघायचं", कारण घरून अकरा तारखेच्या रात्री निघतो. तिकिटावर तारीख बारा असते. हॉटेल अकरापासून, विमा बारापासून आणि फॉर्मवर तिसरंच, असा मेळ न बसणारा संच मी दोनदा पाहिलाय. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक दिवसाची तारीख, वार, शहर आणि हॉटेल लिहून काढा आणि बाकी सगळे कागद त्या एका कागदाशी ताडून बघा.

विम्यातही अँडोरा निसटतो. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं, ते सगळे घेतात. पण पॉलिसी "फक्त शेंगेन देश" अशी असेल तर अँडोरातला पाय मुरगळणंसुद्धा त्यात बसणार नाही. पॉलिसीत अँडोराचं नाव किंवा "संपूर्ण युरोप" असं लिहिलंय का ते वाचा. हिवाळ्यात अँडोरातल्या ग्रँडवलिरा या स्कीइंगच्या ठिकाणी स्कीइंग करणार असाल तर हिवाळी खेळांचं संरक्षण जास्तीचे पैसे भरून वेगळं घ्यावं लागतं. बर्फावर पहिल्यांदा उभं राहणाऱ्याने तरी ते टाळू नये.

पासपोर्ट हातात आला की तिथेच बघा

पाकीट घरी आल्यावर देवापुढे ठेवायच्या आधी उघडा आणि स्टिकर नीट वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, मग तारखा. पासून आणि पर्यंत अशा दोन तारखा असतात. त्यांच्यामध्ये पंचवीस-तीस दिवस दिसले म्हणजे तेवढे दिवस राहता येईल असं नाही. राहण्याचे दिवस वेगळ्या रकान्यात असतात. तिथे १२ असेल तर बाराच, आणि उतरण्याचा व निघण्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहरा टिपणारी संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे एका दिवसाची चूकही आपोआप दिसते. अँडोरातले दिवस शेंगेनमध्ये धरले जात नाहीत हे खरं, पण त्या भरवशावर कमी दिवस मागू नका. अर्जात पूर्ण सहलीचे दिवस मागा.

शेवटी प्रवेशांचा रकाना. ०१, ०२ किंवा ‘मल्ट’ अशी चार रोमन अक्षरं, यांपैकी एक. मागितले दोन आणि मिळाला एक असं झालं तर त्याच दिवशी अर्ज केंद्राला आणि कॉन्सुलेटला ईमेल करा, अँडोराचं बुकिंग पुन्हा जोडा. दुरुस्ती नाहीच झाली तर अँडोरा रद्द करा. म्हणूनच तिथलं हॉटेल व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येईल असंच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

"तपासतच नाहीत म्हणे, जाऊ की" असं सांगणारे भेटतील. रोज शेकडो गाड्या विनातपासणी जातात हे खरं आहे. पण तुमचीच बस थांबवली तर परतीचं विमान, पुढचे व्हिसा, सगळंच पणाला लागतं. आणि एका एंट्रीवर आधीच अँडोरात पोहोचला असाल तर गुपचूप हद्द ओलांडू नका. अँडोरा ला वेल्यात स्पेन आणि फ्रान्स दोघांचेही दूतावास आहेत, तिथे जाऊन खरं ते सांगा. भारताचा दूतावास अँडोरात नाही, माद्रिदमधला दूतावास अँडोराचंही काम बघतो. त्याचा नंबर निघण्यापूर्वी फोनमध्ये घालून ठेवा.

रस्त्यावरच्या गोष्टी

बार्सिलोनाहून बसला साधारण तीन ते साडेतीन तास लागतात. परतीची बस आणि मुंबईचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. फ्रान्सच्या बाजूने जाणारा रस्ता आँवालिरा खिंडीतून, २,४०८ मीटरवरून जातो आणि हिवाळ्यात बर्फाने बंद पडू शकतो. एक रात्र बार्सिलोनात हवीच.

अँडोरा युरोपीय संघात नाही, चलन मात्र युरोच. त्यामुळे युरोपचं रोमिंग पॅक तिथे चालेलच असं नाही. पॅकच्या यादीत अँडोरा नसेल तर हद्दीच्या अलीकडेच मोबाइल डेटा बंद करा. कर कमी म्हणून तिथे अत्तर, दारू, सिगारेट स्वस्त मिळतात, पण परत येताना मर्यादा आहे: माणशी ३०० सिगारेट, कडक दारू दीड लिटर. कस्टमवाले बॅगा उघडायला लावतात.

स्पेनच्या बाजूला हद्दीवरचं ठाणं आहे ला फार्गा दे मोलेस. तिथे पोलीस बसमध्ये चढले की जागेवरच पासपोर्ट मागतात, आणि बरेचदा आपल्या माणसांचे कागद खाली डिकीतल्या मोठ्या बॅगेत, कुलपात असतात. पासपोर्ट, विमा, हॉटेलची बुकिंगं आणि परतीचं तिकीट यांची छापील प्रत एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मांडीवरच्या पिशवीत ठेवा. मोबाइलमध्येही ठेवा, पण छापील हवीच. त्या घाटात नेटवर्क जातं.