व्हॅक्यूम पंपाचं तेल बॅगेकडे उलटं येऊ नये म्हणून काय करावं

फायबरचं कोरडं कापड प्लास्टिकच्या बॅगेत बंद करून पंपाने हवा काढतात आणि त्यात रेझिन (नंतर घट्ट होणारा द्रव) ओढून घेतात. या कामातला तेलाचा रोटरी व्हेन पंप (फिरत्या पात्यांचा) चालू असताना सहसा त्रास देत नाही. तेल उलटं येतं ते पंप बंद झाल्यावर. नळीत निर्वात असतो आणि तेलटाकीवर हवेचा सुमारे १०१३ मिलिबार दाब. पाती थांबली की हा दाब तेलाला फटींतून इनलेटकडे आणि पुढे नळीत ढकलतो. तेल कोरड्या कापडापर्यंत पोचलं तर रेझिन धाग्यांना नीट धरत नाही आणि थर सुटतात.

नळीला उंच वळसा दिला की तेल अडतं, ही समजूत सोडून द्या. एवढा दाब तेलाचा स्तंभ १० मीटरपेक्षा वर चढवू शकतो. बॅगेकडचा व्हॉल्व्ह बंद करणंही अर्धंच काम आहे, कारण व्हॉल्व्ह आणि पंप यांच्यामधल्या तुकड्यात निर्वात उरतोच. पंप थांबताना त्याच्या तोंडाशी हवा पोचली पाहिजे.

जोडणी

बॅगेपासून पंपाकडे क्रम असा ठेवा: बॅग, कॅच पॉट (वाटेत आलेला द्रव साठवणारं बंद भांडं), बॉल व्हॉल्व्ह ‘अ’, टी (तीन तोंडांचा जोड), पंप. टीच्या मोकळ्या तोंडाला छोटा बॉल व्हॉल्व्ह ‘ब’ लावा. तो हवा आत सोडण्यासाठी. टी पंपाच्या जितकी जवळ तितकी चांगली. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. व्हॅक्यूम गेज ‘अ’च्या बॅगेकडच्या बाजूला हवा, नाहीतर पंप बंद केल्यावर बॅगेत काय चाललंय ते कळणार नाही. नळी जाड भिंतीची, न चेपणारी आणि पारदर्शक घ्या, म्हणजे तेल सरकलं तर दिसेल.

बंद करताना

१. पंप चालू असतानाच ‘अ’ बंद करा.
२. ‘ब’ हळूहळू उघडा. पंपाचा आवाज बदलेल.
३. दोन-तीन सेकंदांत पंप बंद करा. ‘ब’ उघडा ठेवून पंप चालवत राहिलात तर एक्झॉस्टमधून तेलाचा धूर निघतो.
४. ‘ब’ उघडाच राहू द्या.

पुन्हा सुरू करताना ‘ब’ बंद करा, पंप चालू करा, त्याने आपल्या बाजूची हवा ओढली की मगच ‘अ’ उघडा.

वीज गेली तर

खरी परीक्षा इथे, कारण क्युअरिंग (रेझिन घट्ट होणं) रात्रभर चालतं आणि व्हॉल्व्हजवळ कोणी नसतं. काही पंपांत तेल अडवणारा व्हॉल्व्ह आतच असतो, पण त्यात कचरा अडकला की तो गळतो. सुटा नॉन-रिटर्न (एकाच दिशेने जाऊ देणारा) व्हॉल्व्हही असाच बेभरवशाचा, शिवाय स्प्रिंग कडक असेल तर शेवटचा थोडा निर्वात मिळत नाही.

त्यापेक्षा दोन सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारे) व्हॉल्व्ह पंपाच्याच स्विचवर जोडा: ‘अ’च्या जागी वीज नसताना बंद राहणारा, ‘ब’च्या जागी वीज नसताना उघडा राहणारा. दोन्ही थेट उघडणारे आणि व्हॅक्यूमसाठी चालणारे हवेत; पायलट पद्धतीच्या व्हॉल्व्हला उघडायला दाबातला फरक लागतो आणि तो इथे पुरेसा मिळत नाही. वीज गेल्यावर हवेचा दाब पंपाच्या बाजूला येतो, त्यामुळे पहिल्या व्हॉल्व्हच्या अंगावरचा बाण बॅगेकडे ठेवा. उलटा बसवला तर तोच दाब सील उचलतो. वीज परत आल्यावर पंप आपोआप सुरू होऊ देऊ नका.

कॅच पॉट आणि तेलाची पातळी

कॅच पॉट तेल थांबवत नाही, फक्त साठवतो. म्हणून त्याचं आकारमान पंपातल्या एकूण तेलापेक्षा जास्त हवं, दोन्ही नळ्या झाकणातून याव्यात आणि भांडं निर्वात सहन करणारं असावं. साधी काचेची बरणी फुटू शकते. पंपातलं तेल पंपाच्या पातळी दाखवणाऱ्या काचेवरच्या दोन खुणांच्या मधे ठेवा; जास्त भरलं तर उलटं यायला तेवढंच जास्त तेल मिळतं.

चाचणी

खऱ्या कामाआधी रिकाम्या बॅगेवर पूर्ण निर्वात आणा आणि सोलेनॉइड असतील तर सरळ प्लग काढा. हाताचे व्हॉल्व्ह असतील तर वरच्या क्रमाने बंद करा. दहा मिनिटांनी गेज पाहा, पंपाकडची नळी काढून तिच्या तोंडात पांढरा टिश्यू फिरवा. गेज पडला तर व्हॉल्व्ह किंवा सांधा गळतोय. टिश्यूवर डाग आला तर हवा पंपापर्यंत वेळेत पोचत नाही.

तेल आधीच नळीत आलं असेल तर ती धुण्यात वेळ घालवू नका, बदला. तेल लागलेलं कोरडं कापडही टाकून द्या. पुसल्याने ते धाग्यांत आणखी पसरतं.