पाणीखात्यात रुजू होताय? आधी उलट्या आट्यांची चावी ओळखा

रुजू होऊन अकरावा दिवस होता. बाजारपेठेकडे जाणारी सहा इंची लाइन फुटली होती आणि मी, नवाकोरा कनिष्ठ अभियंता, चेंबरच्या काठावर बसून चावीवाल्या काकांना (चावी म्हणजे लाइनवरचा व्हॉल्व्ह) हुकूम सोडत होतो, "घड्याळाच्या दिशेने फिरवा, जोर लावा!" काका काहीतरी पुटपुटले. मी ऐकलं नाही. ते फिरवत गेले तसतसं पाणी वाढत गेलं आणि अर्ध्या तासात रस्त्याचा पऱ्या झाला. मग काकांनी घाम पुसत सांगितलं, "सायेब, ही उलट्या आट्यांची. मगाशीच सांगत व्हतो." अर्धी दाबून ठेवलेली चावी मी पूर्ण उघडायला लावली होती.

ही चावी उलटी का, कुणी बसवली, कोणत्या साली? कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. नकाशात ती चावीच नव्हती.

कोकणातल्या किनाऱ्यावरच्या छोट्या नगरपरिषदांत पाणीपुरवठ्याच्या कामात मी एकोणीस वर्षं काढली. दरवर्षी नवी मुलं येतात. नळातून वाहताना पाण्याचा दाब किती घटतो ते काढायचं हेझन-विल्यम्सचं सूत्र त्यांना तोंडपाठ असतं. भुयारी गटार असलेल्या शहराला दरडोई रोज 135 लीटर आणि नसलेल्याला 70, हेही पाठ असतं. पण समोरच्या नळाचं वय विचारलं की गप्प. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मला शहाणं केलं ते आमच्या वाडीतल्या आप्पांनी. मुंबई महापालिकेच्या पाणीखात्यात फिटर म्हणून जन्म काढून ते गावी परतले होते. चावीचा किस्सा ऐकून पोटभर हसले आणि म्हणाले, "तुझ्या गावचं जे काय चाललंय ना, ते मुंबईत कधीच होऊन गेलंय. तिथलं वाच, तुझं तुला कळेल." मी वाचायला लागलो. खरं सांगायचं तर परीक्षेच्या पुस्तकांपेक्षा त्याचाच जास्त उपयोग झाला.

मुंबईत आधी विहिरी आणि तलाव होते. धोबी तलाव, सीपी टँक, गोवालिया टँक ही नावं उरली, पाणी बुजलं. 1854 च्या उन्हाळ्यात टंचाई इतकी झाली की शहरातली गुरं माहीमकडे हलवली आणि बाहेरून आणलेलं पाणी विहिरींत ओतलं. हे वाचलं तेव्हा मी थबकलोच. कारण त्याच मे महिन्यात आमचा टँकर वरच्या आळीतल्या विहिरीत पाणी ओतत होता आणि बाया रहाटावर रांग लावून तेच परत उपसत होत्या! आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जांभा तो धरून ठेवत नाही. एप्रिलात विहिरी तळ गाठतात. खाडीलगतच्या विहिरी जास्त उपसल्या तर पाणी मचूळ होतं. बेट असलेल्या मुंबईचं दुखणंही फारसं वेगळं नव्हतं.

मग विहार. मिठी नदीवर 1856 मध्ये काम सुरू झालं आणि 1860 मध्ये नळाने पाणी शहरात आलं. आराखडा हेन्री कॉनिबिअर यांचा. लोकांना वाटलं, प्रश्न मिटला. पण नळ आला की वापर वाढतो, घरं वाढतात. वीस वर्षं होत नाहीत तोवर 1879 मध्ये तुळशी बांधावा लागला. नगरपरिषदेत नवी योजना मंजूर झाली की पेढे वाटतात. वाटू दे. तुम्ही मात्र त्याच दिवशी पुढच्या स्रोताची फाइल उघडा.

या सगळ्यात पवईची गोष्ट मला सर्वांत जवळची. टंचाईच्या धास्तीने 1890 च्या आसपास पवई घाईने बांधला, पण पाणी पिण्याजोगं निघालं नाही. आज तलाव जाग्यावर आहे, पण मुंबईला प्यायचं पाणी पुरवणाऱ्या सात तलावांत त्याचं नाव नाही. आमच्याकडे असाच एक बंधारा होता. जागा सरकारी, रस्ता तयार, सगळं सोयीचं. मीही सही करायला निघालो होतो. आप्पांची पवई आठवली म्हणून मे महिन्यात एकदा आणि पहिल्या पावसानंतर एकदा नमुने घेतले. दुसऱ्या नमुन्याची बाटली बघून प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, "हे पाणी आहे की चहा?" नमुना नेहमी वाईटातल्या वाईट दिवशी घ्यायचा, हे लक्षात ठेवा.

1892 मध्ये तानसा आला आणि मुंबईने खऱ्या अर्थाने लांब हात टाकला. शंभरेक किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी. तानसाचं काम टप्प्याटप्प्याने 1948 पर्यंत चाललं. पुढे 1957 मध्ये वैतरणेवर मोडक सागर झाला. महापालिकेतले अभियंता ना. वि. मोडक यांचं नाव त्याला दिलं. तलावाला पुढाऱ्याऐवजी इंजिनिअरचं नाव, हे आमच्या जातकुळीला जरा सुखावणारं. 1973 मध्ये ऊर्ध्व वैतरणा, त्यानंतर भातसा आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. यातल्या तानसा आणि वैतरणेवरच्या तलावांचं पाणी बहुतांशी उताराने, गुरुत्वाकर्षणावर येतं. तुम्ही छोट्या गावात पंपाचं वीजबिल भरायला लागलात की या एका वाक्याची किंमत कळेल. जागा निवडताना चार किलोमीटर लांब पण उंचावरचा स्रोत मिळत असेल तर आधी वीस वर्षांचं बिल मांडा, मग पाइपची किंमत बघून दचका.

एक हिशेब करून बघा. सातही तलाव काठोकाठ भरले तर साठा 14,47,363 दशलक्ष लीटर. रोजचा पुरवठा साधारण 3,900 दशलक्ष लीटर धरा. भागाकार 371 येतो. म्हणजे एक वर्ष आणि वर थोडेसे दिवस. ते बाष्पीभवनातच जातात. एवढं मोठं शहर एका पावसाळ्यावर उभं आहे. तुमच्या गावच्या धरणाचा असा भागाकार पहिल्याच आठवड्यात करा आणि टेबलाच्या काचेखाली ठेवा. उत्तर 200 च्या खाली आलं तर कपातीचं वेळापत्रक मार्चमध्ये नव्हे, नोव्हेंबरमध्ये तयार हवं.

या इतिहासाची एक बाजू नळाच्या टोकाला उभं राहून दिसत नाही. तानसा, भातसा, मोडक सागर हे सगळे ज्या शहापूर तालुक्याच्या पोटात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर धावतात. म्हणून तुमच्या योजनेची मुख्य लाइन ज्या वाडीतून जाते तिथे दोन नळखांब अंदाजपत्रकातच धरा. नंतर कुणी धरू देत नाही. आणि लाइन फुटल्याचा पहिला फोन त्याच वाडीतून येतो.

आता रोजचं काम. सकाळी कचेरीत जाऊ नका. शेवटच्या नळावर जा, जिथे पाणी सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी दाबाने येतं. परीक्षानळीत पाणी घ्या, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाका. पिवळसर झालं की क्लोरीन आहे. डबीवरच्या रंगपट्टीशी लावून बघा, लीटरमागे 0.2 मिलिग्रॅमच्या खाली नको. पाणी पांढरंच राहिलं तर टाकीवरच्या टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या गोणीकडे जा. कोकणातल्या दमट हवेत उघडी गोणी आठवड्याभरात मान टाकते. पावडरचा ढेकूळ झाला असेल, वास नाकात चढत नसेल, तर ती पावडर म्हणजे निव्वळ चुना. मोजून टाकली तरी उपयोग नाही. गोणी फळीवर ठेवा, तोंड बांधा, पावसाळ्यात जास्त साठा मागवू नका.

गळती शोधायची ती रात्री दोननंतर, बाजार झोपल्यावर. लोखंडी सळीचं एक टोक चावीच्या माथ्यावर, दुसरं कानाला. आप्पांनी मला हे आमच्या अंगणातल्या नळावर शिकवलं. चालतं पाणी भुरभुरतं, गळतं पाणी फुसफुसतं. पहिल्या दहा रात्री तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही. चावीवाल्याला येईल. त्याच्या कानावर भरवसा ठेवा आणि खड्डा त्याने दाखवलेल्या जागीच घ्या.

आणि वही. त्या अकराव्या दिवसाच्या संध्याकाळी मी दोनशे पानी वही विकत घेतली. काकांना स्कूटरवर मागे बसवून गावातली प्रत्येक चावी पाहिली. सुलटी की उलटी, बंद व्हायला किती फेरे, कोणती आळी त्यावर, कुणाच्या ओट्यापासून किती पावलं. 143 चाव्या भरल्या. त्यातल्या नऊ उलट्या. काका त्याच वर्षी निवृत्त झाले.

गेल्या जूनमध्ये माझी बदली झाली. जागी आलेल्या मुलीला वही दिली, जरा मिरवतच. तिने उभ्याउभ्या पानं चाळली आणि विचारलं, "सर, हे फेरे मोजले कधी? पहिल्या चाळीस पानांवर तारीखच नाहीये."